आज्ञापालनातला आनंद रोजच्या जगण्यात कसा शोधावा

ठाणे आणि नवी मुंबईतील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, विशेषतः उपासना संपल्यावर चहा घेताना जी बोलणी होतात त्यांत, एक तक्रार नेहमी ऐकू येते, आणि ती करणारी माणसे निष्काळजी नसतात. ती लाच घेत नाहीत, दशांश देतात, रविवार चुकवत नाहीत, घरी कौटुंबिक प्रार्थना घेतात, आणि तरीही म्हणतात की हे सगळे आम्ही करतो खरे, पण त्यात मन रमत नाही. एकेक कर्तव्य उरकल्यासारखे वाटते. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मात्र आज्ञांविषयी अगदी वेगळ्या सुरात बोलते. स्तोत्रसंहितेतील ११९ वे स्तोत्र १७६ ओव्यांचे आहे, संपूर्ण शास्त्रात त्याहून मोठा अध्याय नाही, आणि ते जवळजवळ सगळे देवाच्या वचनांविषयी व आज्ञांविषयीच आहे. त्याच्या कर्त्याला ती वचने मधाहून गोड लागतात. देवाच्या न्याय्य निर्णयांबद्दल उपकारस्तुती करायला तो मध्यरात्री उठतो. प्रभू येशूने वधस्तंभाच्या आदल्या रात्री शिष्यांना आपल्या आज्ञा पाळायला सांगितल्या आणि लगेच त्याचे कारणही दिले, की आपला आनंद त्यांच्यामध्ये असावा व त्यांचा आनंद परिपूर्ण व्हावा (योहान १५:१०-११).

हे अंतर कसे कमी करावे, हा या लेखाचा विषय आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकतो. आज्ञा पाळताना आनंदी चेहरा ठेवण्याचा सराव करून काही साधत नाही. आज्ञा देणाऱ्याशी असलेले नाते आधी नीट समजून घ्यावे लागते, त्यानंतर एकेक आज्ञा प्रत्यक्ष हाती घ्यावी लागते, आणि आनंद बहुधा त्याच्या मागून येतो. तो आधी यावा म्हणून थांबून राहणारा माणूस थांबूनच राहतो.

आधी सुटका, मग आज्ञा

दहा आज्ञा तोंडपाठ असणाऱ्या पुष्कळांना त्यांच्या आधीचे वाक्य आठवत नाही. शास्त्रातील निर्गम या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात पहिली आज्ञा येण्यापूर्वी देव आपली ओळख देतो, की ज्याने तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणले तो मी परमेश्वर तुझा देव आहे. तोपर्यंत इस्राएल लोकांचा समुद्र ओलांडून झाला होता, रानात मान्ना, म्हणजे देवाने दिलेले अन्न, मिळू लागला होता, आणि मग सीनाय पर्वतापाशी आज्ञा दिल्या गेल्या. ‘पाळाल तर सोडवीन’ असे देव कोठेच म्हणाला नाही. सोडवून झाल्यावर कसे जगायचे, एवढेच त्याने सांगितले. प्रेषित पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राची मांडणीही अशीच आहे. पहिले तीन अध्याय देवाने ख्रिस्तामध्ये काय केले हे सांगतात, आणि त्यानुसार कसे चालावे हा उपदेश चौथ्या अध्यायापासून सुरू होतो.

मनात हा क्रम उलटा झाला की आज्ञापालनाचा हप्ता होतो, आणि हप्ता भरताना कोणी गात नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील थोरला भाऊ (लूक १५) याच अवस्थेत सापडतो. धाकटा भाऊ वाटणीचा पैसा परदेशात उधळून परत आला आहे आणि बापाने त्याच्यासाठी मेजवानी मांडली आहे. थोरला मात्र घर सोडून गेलेला नाही, शेतात राबून संध्याकाळी परतला आहे, आणि आतून गाण्याबजावण्याचा आवाज ऐकू आल्यावर तो उंबरठ्याबाहेरच अडून बसतो. एवढी वर्षे मी तुमची चाकरी करतो, एकही आज्ञा मोडली नाही, तरी मित्रांबरोबर मौज करायला तुम्ही मला कधी करडूसुद्धा दिले नाही, हे त्याचे गाऱ्हाणे आहे. त्याने आज्ञा मोडल्या नव्हत्या हे बापही नाकारत नाही. बाप त्याला एवढेच सांगतो की तू नेहमी माझ्याजवळ आहेस आणि माझे जे आहे ते सर्व तुझेच आहे. शेतातले श्रम, उन्हातान्हात घालवलेली वर्षे, सगळे खरे होते, फक्त तो स्वतःला घरातला मुलगा न समजता रोजंदारीवरचा माणूस समजत होता.

आपण कोणत्या समजुतीने पाळतो, हे ओळखण्याची एक कसोटी आहे आणि ती फारशी सुखाची नाही. मंडळीत कधीमधी तोंड दाखवणाऱ्या कुटुंबाचा सिडकोच्या सोडतीत नंबर लागला, घणसोलीत त्यांचे स्वतःचे घर झाले, आणि आपण मात्र अकरा महिन्यांच्या करारावर या वसाहतीतून त्या वसाहतीत बिऱ्हाड हलवत आहोत, अशा वेळी मनात पहिला विचार कोणता येतो, हे पाहावे. ‘आम्ही एवढे करून आम्हाला काय मिळाले’ असा तो असेल, तर आपल्याही हिशेबात ते करडू आहे असे समजायला हरकत नाही.

यावर उपाय म्हणून सकाळच्या मननाची रचना बदलावी. आज मला काय करायचे आहे, या प्रश्नाने सुरुवात न करता, देवाने काय केले आहे हे आधी एका वाक्यात मोठ्याने म्हणावे किंवा वहीत लिहावे, आणि त्यानंतरच आज्ञेकडे वळावे. वाक्य आपल्या आयुष्यातले असावे, ठोकळेबाज नसावे. ‘दारूच्या व्यसनातून त्याने आमच्या घराला बाहेर काढले’, ‘मी त्याचा विचारही करत नव्हतो तेव्हा तो माझ्यासाठी मरण पावला’, अशी वाक्ये आठवडाभर लिहिली की त्यांच्याखाली लिहिलेली आज्ञा वेगळ्या आवाजात ऐकू येऊ लागते.

देवाची आज्ञा कोणती आणि माणसांची कोणती

आनंद हरवण्याचे एक मोठे कारण मला असे दिसते की आपण वाहतो त्या ओझ्यातले निम्मे देवाने आपल्यावर ठेवलेलेच नसते. अमुक रंगाचे कपडे नकोत, दागिने नकोत, अमुक प्रकारचे संगीत नको, साक्ष देताना अमुक शब्द आलेच पाहिजेत, तीन रविवार गैरहजर राहिल्यास देवाचा आशीर्वाद उठतो, अशा नियमांची यादी प्रत्येक मंडळीत थोडी वेगळी असते, आणि तेवढ्यावरूनच तिचा उगम कोठे आहे याचा अंदाज यावा. ‘शिवू नको, चाखू नको, हात लावू नको’ अशा नियमांविषयी पौल कलस्सैकरांस स्पष्ट लिहितो की ते सुज्ञपणाचे दिसतात, पण देहाच्या वासनांना आळा घालण्यात त्यांचा उपयोग होत नाही (कलस्सैकरांस २:२०-२३). जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यांवर ठेवणारे स्वतः बोटही लावत नाहीत, हे प्रभूचे शब्द तर सर्वांच्या परिचयाचे आहेत.

म्हणून एका शांत संध्याकाळी वही घ्यावी आणि आपण ‘पाळतो’ असे म्हणतो त्या सगळ्या गोष्टी लिहून काढाव्यात. प्रत्येकीसमोर ती शास्त्रात कोठे आहे तो संदर्भ लिहावा. ‘पाळकसाहेब म्हणाले’ किंवा ‘आमच्या घरी पहिल्यापासून असेच आहे’ याला संदर्भ समजू नये. ज्यांना संदर्भ सापडतो त्या देवाच्या आज्ञा. काही गोष्टी मंडळीची व्यवस्था म्हणून असतात, जसे उपासनेची वेळ किंवा प्रभुभोजनाची रीत, आणि त्या सभ्यतेने व प्रेमाने पाळाव्यात, पण त्या मोडल्या तर देव रागावला असे मानू नये. उरलेले सोडून देण्याचे धैर्य हवे. हे करताना तुसडेपणा येऊ देऊ नये, कारण एखाद्या वृद्ध मावशीने आयुष्यभर श्रद्धेने पाळलेला नियम तिच्या तोंडावर खोडून काढण्यात कोणतीच आज्ञा पाळली जात नाही.

माणसांचे नियम खऱ्या आज्ञेची जागा घेतात, तेव्हा त्यांचा उपद्रव सर्वाधिक होतो. मार्काच्या ७ व्या अध्यायात येशूने याचे जे उदाहरण दिले ते आजच्या घरांत चपखल बसते. आईबापांना द्यायचे ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला अर्पण केले असे म्हणून लोक आईबापांचा मान राखण्याच्या पाचव्या आज्ञेतून स्वतःची सुटका करून घेत होते, आणि धर्मपुढारी त्यांना तसे करू देत होते. नेरूळमध्ये राहून प्रत्येक उपवास-प्रार्थनेला हजर राहणारा, बांधकाम निधीच्या यादीत ज्याचे नाव वर असते, असा गृहस्थ नगर जिल्ह्यातल्या आपल्या आईच्या मधुमेहाच्या गोळ्यांचा खर्च धाकट्या भावावर टाकून मोकळा होत असेल, तर त्याला उपासनेत आनंद का वाटत नाही, याचे उत्तर शोधायला फार खोल जावे लागणार नाही.

एका वेळी एकच आज्ञा

‘मी यापुढे देवाच्या सर्व आज्ञा पाळीन’ हा संकल्प वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेत ऐकायला बरा वाटतो, आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो कोणाला आठवत नाही. त्यापेक्षा एक आज्ञा घ्यावी, तिच्याशी जोडलेले कारण आणि वचन शोधावे, आणि ती कोणत्या माणसाच्या बाबतीत, कोणत्या दिवशी, कोणत्या कृतीने पाळायची हे ठरवावे. आज्ञेमागचे कारण वाचणे फार महत्त्वाचे आहे, कारण देव पुष्कळ ठिकाणी ते सांगतो आणि आपण घाईत ते ओलांडून जातो. या आज्ञा मी तुला तुझ्या बऱ्यासाठी देत आहे, असे अनुवाद या पुस्तकाच्या १० व्या अध्यायात स्वच्छ लिहिले आहे.

आईबापांचा मान राखण्याची आज्ञा पहिल्यांदा घ्यावी असे मी सुचवतो, कारण तिच्यात चुकवायला जागा थोडी आहे आणि पौलाच्या शब्दांत ती अभिवचन असलेली पहिली आज्ञा आहे (इफिसकरांस ६:२). आईवडील गावी आणि मुले इकडे, ही ठाणे-बेलापूर पट्ट्यात पोटासाठी आलेल्या असंख्य कुटुंबांची स्थिती आहे. फोन बहुतेक जण करतात, पण कसा, ते पाहावे: ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या गाडीत दाराशी लटकत, अर्धे शब्द हवेत जात असताना, ‘जेवलीस का, औषध घेतलेस का, बरे ठेवतो’, आणि संपले. एवढे केले की मान राखल्याचे समाधान होते, पण मन काही भरत नाही. आठवडाभर हा फोन घरी बसून करावा. टीव्ही बंद असावा. आईने गेल्या वेळी सांगितलेली एक गोष्ट लक्षात ठेवून तिच्याविषयी आपणहून विचारावे, म्हणजे शेजारच्या विहिरीचे पाणी आटले होते त्याचे काय झाले, मावसबहिणीचे बाळंतपण कसे झाले. तिची तीच गोष्ट पुन्हा आली तरी ‘हे सांगितलेस’ असे म्हणू नये. मग तिच्यासाठी फोनवरच दोन वाक्यांची प्रार्थना करावी आणि तिलाही आपल्यासाठी करायला सांगावी. तिची प्रार्थना आपल्या मुलांच्या नावांपर्यंत येते तेव्हा जे वाटते, ते आज्ञापालनातल्या आनंदाचे अगदी साधे, पण अस्सल रूप आहे. ज्यांचे आईवडील कठोर होते, ज्यांना घरात मार आणि अपमान सोसावा लागला, त्यांच्यासाठी ही आज्ञा एवढी सरळ नाही. त्यांनी मान राखणे म्हणजे पुन्हा त्या धाकाखाली जाणे असे समजू नये आणि विश्वासू, समंजस व्यक्तीशी बोलून आपली मर्यादा ठरवावी.

धंदा करणाऱ्यांनी दुसरी आज्ञा म्हणून वजनमापांची आज्ञा घ्यावी. लेवीय या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात खरी तराजू, खरी वजने, खरे माप असावे असे सांगून देव पुन्हा तेच वाक्य उच्चारतो, की तुम्हाला मिसर देशातून बाहेर आणणारा मी परमेश्वर तुमचा देव आहे. म्हणजे काट्याचा आणि सुटकेचा संबंध त्याने स्वतःच जोडला आहे: ज्याला देवाने सोडवले आहे, त्याला पावशेरामागे दहा ग्रॅम चोरून जगण्याची गरज नाही. वाशीच्या घाऊक बाजारातून कांद्याची गोण उचलून ऐरोलीत किरकोळ विकणाऱ्याला हे वाचायला सोपे आणि करायला अवघड आहे, कारण शेजारचा गाळेवाला काय करतो हे त्याला दिसते आणि महिनाअखेरची तूट त्यालाच सोसायची असते. त्याने आठवडाभर काटा रिकामा असताना शून्यावर येतो की नाही हे रोज सकाळी तपासावे, ओला माल सुका म्हणून तोलू नये, आणि गिऱ्हाइकाला आकडा दिसेल अशा बाजूने काटा ठेवावा. यात मिळणारा आनंद टाळ्या वाजवण्यासारखा नसतो. वजनमापे तपासणारा अधिकारी गल्लीत शिरला तरी पोटात गोळा येत नाही, नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा देता येतो आणि रात्री प्रार्थना करताना कोणता विषय टाळावा लागत नाही, असा तो असतो. कार्यालयात काम करणाऱ्यांसाठी प्रवासखर्चाची खोटी बिले आणि उशिरा येऊन वेळेवर लावलेली हजेरी ही याच आज्ञेची रूपे आहेत.

मन नसेल तेव्हा

काही आज्ञा अशा आहेत की त्यांत आनंद वाटण्याची शक्यता सुरुवातीला दिसतच नाही. वैऱ्यावर प्रीती करा, अपराधाची क्षमा करा, सूड घेऊ नका, या त्यांतल्या ठळक. अशा वेळी ‘मनापासून वाटत नसेल तर करणे हा ढोंगीपणा आहे’ असा एक युक्तिवाद ऐकू येतो आणि तो मला पटत नाही. मत्तयाच्या २१ व्या अध्यायात दोन मुलांची गोष्ट आहे. बापाने द्राक्षमळ्यात कामाला जा म्हटल्यावर एकाने सरळ नाही म्हटले, पण मागाहून पस्तावून तो गेला. दुसरा ‘जातो’ म्हणाला आणि गेला नाही. बापाच्या इच्छेप्रमाणे कोणी केले, असे येशूने विचारले, तेव्हा उत्तर पहिल्याच्या बाजूने आले. तो मळ्यात जाताना हसत होता की कुरकुरत होता, याची चौकशी कोणी केली नाही. खुद्द गेथशेमाने बागेतल्या प्रार्थनेत प्रभूचा जीव मरणप्राय खिन्न झाला होता, आणि इब्री लोकांस पत्र सांगते की पुढे ठेवलेल्या आनंदासाठी त्याने वधस्तंभ सहन केला. त्या रात्री आनंद पुढे होता. हाती होते ते केवळ आज्ञापालन.

तेव्हा मन नसताना काय करावे, याची रीत साधारण अशी ठेवावी. आपले मन नाही हे देवाला न लपवता सांगावे. स्तोत्रे लिहिणाऱ्यांनी याहून कठोर भाषा वापरली आहे. मग आज्ञेतील सर्वांत लहान, पण खरी अशी कृती निवडावी आणि ती करावी. खारघरच्या एखाद्या सोसायटीत पार्किंगवरून शेजाऱ्याशी वर्षभर अबोला असेल, तर त्याला मिठी मारण्याचे नाटक करण्याची गरज नाही. लिफ्टमध्ये भेटल्यावर मोबाइलमध्ये डोके न घालता ‘नमस्कार’ म्हणावे, रात्री त्याच्या मुलाच्या दहावीच्या परीक्षेसाठी नाव घेऊन प्रार्थना करावी, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर त्याच्याविषयी टोमणा आला की हसण्याचे चिन्ह टाकू नये. तिसरी गोष्ट सर्वांत जड जाते असा अनुभव पुष्कळ जण सांगतात. ज्याच्यासाठी रोज प्रार्थना करतो त्याचा रोज मनापासून द्वेष करणे हळूहळू अवघड होते, आणि छातीवरचा तो भार उतरू लागतो तेव्हा आनंद आत यायला वाट मिळते. मात्र क्षमा करणे म्हणजे मारहाण किंवा फसवणूक निमूटपणे चालू देणे नव्हे. गुन्हा घडत असेल तर पोलिसांत तक्रार करणे हेही क्षमेला बाधक नाही.

आज्ञेची किंमत मोठी असू शकते, हे ठाणेकरांना दूरच्या इतिहासातून शिकण्याची गरज नाही. १३२१ साली याच ठाण्यात टोलेन्टिनोचे थॉमस हे ख्रिस्ती धर्मप्रसारक आणि फ्रान्सिस्कन संघातले त्यांचे तीन सोबती आपल्या विश्वासासाठी मारले गेले. आपल्यावर तशी वेळ येत नाही, आपल्याला फार तर बढती गमवावी लागते किंवा नातेवाइकांची नाराजी पत्करावी लागते. तरी प्रेषितांनी फटके खाऊन आनंद का केला (प्रेषितांची कृत्ये ५:४१), हे समजून घ्यायचे तर आनंद आणि आराम यांची गल्लत करून चालत नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. आठवडेच्या आठवडे कशातच रस वाटत नसेल, झोप उडाली असेल, जेवण नकोसे झाले असेल, जगू नये असे वाटत असेल, तर तो आज्ञापालनातला उणेपणा समजून स्वतःला आणखी उपवास लावू नयेत. डॉक्टरांकडे जावे आणि घरच्यांना सांगावे. उदासीनतेच्या आजाराला पाप ठरवणाऱ्या सल्ल्याने पुष्कळ नुकसान केले आहे.

विसाव्याची आज्ञा

दहा आज्ञांमधली एक आज्ञा तर सरळसरळ विश्रांतीची आहे, आणि मौजेची बाब ही की हीच पाळताना आपली सर्वांत जास्त दमछाक होते. निर्गमात शब्बाथाचे, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाचे, कारण सृष्टीची उत्पत्ती हे दिले आहे. अनुवादाच्या ५ व्या अध्यायात मात्र दुसरे कारण येते, की तूही मिसर देशात दास होतास, म्हणून तुझ्याप्रमाणे तुझ्या दासालाही व दासीलाही विसावा मिळावा. महापे किंवा तुर्भ्याच्या कारखान्यांत आणि रुग्णालयांत पाळीने काम करणाऱ्यांना रविवार हातात नसतो. त्यांनी अपराधी वाटून घेत बसण्यापेक्षा मिळेल त्या साप्ताहिक सुट्टीचा अर्धा दिवस तरी धुणे, दुरुस्त्या आणि जादा कामापासून वाचवून उपासनेला, झोपेला आणि घरच्यांना द्यावा.

ज्यांना रविवार मिळतो त्यांनी स्वतःच्या घरातले चित्र पाहावे. दुपारी घरी प्रार्थनासभा असते, विषय कदाचित ख्रिस्तातील विसावा हाच असतो, वीस-पंचवीस माणसे पोहे आणि चहा घेऊन तृप्त मनाने निघून जातात, आणि मोरीत साचलेल्या बशा-कपांचा ढीग घासायला संध्याकाळी कामवाल्या मावशींना जादा बोलावलेले असते. अनुवादातील ती ओवी या मोरीपाशी येऊन थांबते. मावशींना रविवारची भरपगारी सुट्टी द्यावी, कप पुरुषांनी विसळावेत आणि मुलांनी पुसावेत. हे करून पाहिलेल्या घरांत सभेचा शेवटचा अर्धा तास बहुधा स्वयंपाकघरातच रंगतो, आणि लाजरी माणसे तेथे अधिक मोकळेपणाने बोलतात.

आज्ञा ओठांवर राहाव्यात म्हणून

११९ व्या स्तोत्राचा कर्ता एके ठिकाणी म्हणतो की माझ्या प्रवासाच्या घरात तुझे नियम माझी गीते झाले आहेत. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला ही ओवी लगेच आपलीशी वाटते. गाण्यातून शिकलेले मनात राहते, हे आपल्या परंपरेला नवे नाही. नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) ख्रिस्ती भक्ती अभंग आणि भजनांच्या चालीत आणली, ती भजने आजही मंडळ्यांत गायली जातात, आणि ज्यांना वाचता येत नाही अशा आजींनाही ती पाठ असतात. याच स्तोत्राची बांधणीही पाठांतराला सोयीची आहे. मूळ इब्री वर्णमालेच्या २२ अक्षरांप्रमाणे त्याचे २२ भाग आहेत आणि प्रत्येक भागात ८ ओव्या आहेत. रोज एक भाग घेतला तर २२ दिवसांत ते पूर्ण होते, आणि ८ ओव्या मोठ्याने वाचायला कोपरखैरणे ते वाशी एवढा प्रवासही लागत नाही. रोजच्या भागातून एक ओवी निवडून ती आपल्याला येत असलेल्या साध्या चालीत गुणगुणावी. गळा चांगला असण्याची अट नाही.

या स्तोत्राची शेवटची ओवी वाचून अनेकांना आश्चर्य वाटते. १७५ ओव्यांत आज्ञांवरचे प्रेम गायल्यावर कर्ता म्हणतो की मी हरवलेल्या मेंढरासारखा भटकलो आहे, आपल्या सेवकाचा शोध कर. म्हणजे आज्ञांत आनंद मानणारा माणूस आणि चुकणारा माणूस हे दोन नव्हेत. म्हणून पडल्यावर आठवडाभर देवापासून तोंड लपवून मग ‘पात्र’ झाल्यावर परत येण्याची जी सवय असते, ती मोडावी. त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात, नाव घेऊन पाप कबूल करावे, ज्याचे नुकसान केले त्याला ते भरून द्यावे, आणि ५१ व्या स्तोत्रातल्याप्रमाणे तारणाचा आनंद परत मागावा. जक्कय या जकातदाराने येशूचे आनंदाने स्वागत केले आणि त्याच भेटीत अर्धी मालमत्ता गरिबांना व फसवणुकीची चौपट भरपाई जाहीर केली. त्याच्या घरी ही दोन्ही कामे एकाच दिवशी झाली.

शेवटचा भाग सर्वांत सोपा आहे आणि तोच बहुधा राहून जातो. आनंद करणे हीदेखील शास्त्रात आज्ञा आहे, आणि ती एकट्याने पाळायची नाही. अनुवादाच्या १६ व्या अध्यायात मांडवांच्या सणाचा नियम देताना देव सांगतो की तू, तुझा मुलगा व मुलगी, तुझे दास-दासी, आणि तुझ्या गावातील लेवी (देवसेवेसाठी वेगळ्या केलेल्या वंशातला), उपरा, अनाथ व विधवा या सर्वांनी मिळून आनंद करावा. नाताळ येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. केरळहून किंवा ईशान्य भारतातून आलेल्या आणि पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्या परिचारिका, गावाकडे कुटुंब ठेवून बारा-बारा तास उभे राहणारे सोसायटीचे सुरक्षारक्षक, नवरा गेल्यापासून मंडळीत मागच्या बाकावर बसू लागलेल्या काकू, अशी माणसे प्रत्येकाच्या ओळखीत असतात. शनिवारी सकाळी बाजारात जाण्यापूर्वी त्यांतल्या एकाचे नाव ठरवावे, त्यांना काय खायला चालते ते फोन करून विचारावे, आणि रविवारच्या जेवणासाठी घरच्यांपेक्षा एका माणसाचे अधिक सामान आणावे.